नवी विद्या, नवे व्यवसाय : नादाचें जाळें

घरांतील एखाद्या मुलानें अथवा मुलीनें नेटवर्किंगची, म्हणजे संगणक एकमेकांस जोडण्याची, विद्या संपादन करावी आणि नंतर नाट्यगृहांत ध्वनिसंयोजनाचें काम पत्करावें, हें ऐकून पुष्कळ वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. शिकलेलें सारें फुकट गेलें, असें त्यांस वाटतें. आमचें मत याहून निराळें आहे, आणि त्याचीं कारणें वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

पूर्वीं रंगमंचावरील प्रत्येक मायक्रोफोनचा आवाज मिक्सरपर्यंत नेण्यास स्वतंत्र तार लागे. ४० मायक्रोफोन असल्यास ४० तारांचा जाडजूड दोर ओढावा लागे. आतां अनेक ठिकाणीं हेंच काम कचेरींतील संगणक जोडणारी बारीक केबल करिते. सिडनी येथें २००६ सालीं स्थापन झालेल्या ऑडिनेट कंपनीची 'डान्टे' पद्धति यांत विशेष प्रचलित आहे. तींत ध्वनीचें सामान्यतः दर सेकंदास ४८,००० वेळां मोजमाप होतें, व ते आंकडे लहान लहान पुडक्यांत बांधून धाडले जातात. एका गिगाबिट केबलवरून दोन्ही दिशांस प्रत्येकीं ५१२ पर्यंत ध्वनिमार्ग जाऊं शकतात.

यामुळें काम सोपें झालें, असें मात्र नाहीं. प्रत्येक यंत्रास निराळा आयपी पत्ता द्यावा लागतो. एकच पत्ता दोघांस गेला, कीं घोटाळा झालाच. सर्व यंत्रांचें घड्याळ एक ठेवावें लागतें. म्हणून स्विचमध्यें घड्याळाच्या पुडक्यांस पहिला मान, ध्वनीस दुसरा, आणि इतरांस मागाहून वाट, अशी व्यवस्था करितात. स्विचमधील वीज वाचविण्याची सोय या घड्याळास बाधक ठरते, म्हणून ती बंद करावी लागते. तांब्याची केबल १०० मीटरांपर्यंतच घ्यावी. त्यापुढें काचतंतू हवा. जाणता मनुष्य दोन स्वतंत्र जाळीं टाकितो, म्हणजे एक केबल कोणाच्या पायाखालीं तुटली तरी गाणें खंडित होत नाहीं.

कचेरींतील पत्र क्षणभर उशिरा पोंचलें तर कांहीं बिघडत नाहीं. गायकाच्या तानेंतील पुडकें उशिरा आलें तर तें टाकूनच द्यावें लागतें. शिकलेल्या विद्येची याहून कठीण परीक्षा ती कोणती?

तरुणांसही एक सांगणें आहे. तंबोरा तबल्याखालीं बुडाला, हें कोणताही स्विच सांगत नाहीं. त्यासाठीं कान तयार लागतो. तेव्हां प्रथम एखाद्या अनुभवी ध्वनिसंयोजकाजवळ बसून ऐकावयास शिकावें. आणि वडीलधाऱ्यांनीं 'याचसाठीं का एवढें शिक्षण?' असें विचारण्यापूर्वीं एकदां आपल्या मुलाच्या मिक्सरपाशीं जाऊन उभें राहावें.