हिरवी टोपी आणि हर्लिंगची काठी

दरवर्षी मार्चच्या मध्यास आपल्या वृत्तपत्रांत एक छायाचित्र हमखास झळकते. शिकागो शहरातील नदी रंगाने हिरवीगार केलेली असते आणि काठावर हिरव्या टोप्या घातलेला जमाव बिअरचे पेले उंचावत असतो. खाली एका ओळीचा मजकूर : 'परदेशस्थ आयरिश नागरिकांनी सेंट पॅट्रिक दिन उत्साहात साजरा केला.' वाचक हसतो आणि पान उलटतो. एका लढवय्या राष्ट्राचा १७ मार्चचा राष्ट्रीय सण असा एका टोपीत आणि एका पेल्यात कोंबला जातो!

परदेशी राहून मायदेशाचे सण साजरे करणाऱ्यांची टवाळी करणे हा विद्वानांच्या एका वर्गाचा आवडता छंद आहे. 'देश सोडून गेलात, आता ही नाटके कशाला?' असा त्यांचा सवाल असतो. आयरिश माणसाला हा सवाल विचारण्यापूर्वी त्याने देश का सोडला, हे तरी पाहावे. १८४५ पासूनच्या भीषण दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे भूक आणि रोगराईने मेली. त्याहून अधिक जहाजांत बसून परागंदा झाली. १८४१ साली त्या बेटाची लोकसंख्या ८० लाखांच्या वर होती. तो आकडा त्या बेटाला आजही पुन्हा गाठता आलेला नाही. ज्या राष्ट्राची निम्मी कुळे समुद्रापार गेली, त्याने आपले राष्ट्रपण समुद्रापार जपायचे नाही, तर कोठे जपायचे?

ते जपले कशाने, हा खरा प्रश्न आहे. पेल्याने खचितच नव्हे. आयरिश समाजात दारू नव्हती, असे कोणी म्हणणार नाही. होती, म्हणूनच तर स्वतंत्र आयर्लंडने १९२७ साली कायदा करून सेंट पॅट्रिक दिनी मद्यालये बंद ठेवली आणि तो निर्बंध पुढे कित्येक वर्षे टिकला. राष्ट्रीय दिवस शुद्धीवर राहून साजरा करावा, अशी त्या राष्ट्राची धारणा होती. बाटलीवर हिरवे लेबल चिकटवून तो दिवस विकणारे व्यापारी नंतर आले.

आयरिश राष्ट्रपण तगले ते मैदानावर. १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स या गावी मायकेल क्युसॅक आदी मंडळींनी गेलिक ॲथलेटिक असोसिएशनची स्थापना केली. इंग्रजी खेळांच्या लाटेत बुडू पाहणारे हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे स्वदेशी खेळ त्यांनी उभे केले. गाव हा या संघटनेचा पाया आहे. गावाचा संघ, गावाचे मैदान, गावाचेच कार्यकर्ते. लाखो प्रेक्षकांसमोर खेळणारा खेळाडूही वेतन घेत नाही. रविवारी सामना आणि सोमवारी शाळेत, शेतात वा कचेरीत काम. २१ नोव्हेंबर १९२० रोजी डब्लिनच्या क्रोक पार्कवर सामना चालू असताना ब्रिटिश दलांनी गोळीबार केला. त्यात मायकेल होगन या खेळाडूसह १४ जण बळी पडले. निव्वळ करमणुकीवर कोणी साम्राज्य गोळ्या झाडत नाही!

हीच संघटना स्थलांतरितांच्या मागोमाग जगभर गेली. न्यूयॉर्कमधील गेलिक पार्क असो वा लंडनमधील राइस्लिपचे मैदान, अनोळखी शहरात उतरलेल्या तरुणाला पहिला ओळखीचा शब्द तेथे ऐकू येतो. तेथेच त्याला राहायला खोली आणि करायला काम मिळण्याची वाट सापडते. १९४७ साली दुष्काळाच्या भीषणतम वर्षाच्या शताब्दीनिमित्त अखिल आयर्लंड फुटबॉलचा अंतिम सामना थेट न्यूयॉर्कला खेळवला गेला. १९९६ पासून आशियातही आयरिश संघांच्या स्पर्धा भरतात. पहिली मनिला येथे भरली.

या कथेला दुखरी बाजूही आहे. २०२३ साली न्यूयॉर्कच्या संघाने कॉनॉट प्रांताच्या फुटबॉल स्पर्धेत पहिला विजय मिळवला. हरवले कोणाला? लीट्रिमला, स्थलांतराने ओस पडत गेलेल्या, आयर्लंडमधील सर्वांत कमी लोकवस्तीच्या परगण्याला! परदेशातील मैदान भरते, तेव्हा गावाकडचे मैदान रिते झालेले असते. हे शल्य ज्याला ठाऊक आहे, त्याचा उत्सव पोकळ असू शकत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. या संघटनेने आपल्या सभासदांना क्रिकेट, रग्बी आदी 'विदेशी' खेळ खेळण्यास, इतकेच नव्हे तर पाहण्यासही बंदी केली होती. १९७१ साली ती बंदी उठली. स्वदेशी खेळ संपले काय? मुळीच नाही. आपले ते टिकवायला दुसऱ्याचा मज्जाव पुरत नाही. दर आठवड्याला मैदानावर घाम गाळणारी माणसे लागतात.

महाराष्ट्राला हे नवे नाही. लोकमान्यांनी १९१६ साली स्थापलेल्या होमरूल लीगचे नावच आयरिश चळवळीतून आलेले. उत्सव हे संघटनेचे साधन आहे, हे सूत्र तर त्यांनी त्याआधी दोन दशके गणेशोत्सवातून शिकवले होते. साधनच साध्य झाले की आरास उरते आणि समाज विखुरतो.

आज आपल्यापैकी अनेकांची मुले परदेशी आहेत. गणपतीनंतर त्यांचा दूरध्वनी येतो. आरास कशी होती, मोदक किती झाले, हे आपण कौतुकाने विचारतो, जरूर विचारावे. पण त्यापुढे आणखी एक प्रश्न विचारावा : 'विसर्जनानंतरच्या रविवारी तुम्ही कोण कोण, कोठे जमलात?'

या प्रश्नाचे उत्तर आयरिश माणसापाशी आहे. आपल्यापाशी आहे काय?