ठराव कागदावर, पाणी ओंजळीत

मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले. पण ते कागदावरच! २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांबरोबर आपली माणसे तळ्यावर गेली, पाणी प्याली, तेव्हा त्या ठरावात जीव आला. त्यासाठी आपल्या वाडवडिलांनी मार खाल्ला. पुढे कोर्टकज्जा चालला तो १९३७ पर्यंत. हायकोर्टात निकाल आपल्या बाजूने लागला. म्हणजे हिंमत एका दिवसाची नव्हती, दहा वर्षांची होती.

आज पोलीस ठाण्यात ‘उद्या या’ म्हटले की आपण मुकाट्याने घरी परततो. का परतावे? तक्रार लेखी द्यावी. गुन्हा नोंदला की एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यावी. नोंदलाच नाही, तर तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. पोच जपून ठेवावी.

आणि बंधू-भगिनींनो, एकट्याने जाऊ नये. महाडलाही कुणी एकटे गेले नव्हते. शेजारी अडला असेल, तर आपण एक दिवसाचा खाडा करून त्याच्यासोबत उभे राहू. आपली लेकरे हे पाहत असतात.