साथीत भाडेकरूला बाहेर काढणे हा उपाय नव्हे

संपादक महोदय,

‘साथीच्या काळात खोली रिकामी करून घेण्याचा हक्क घरमालकाला हवा’ हे आपल्या अंकातील पत्र वाचले. मी स्वतः सटाण्यात खोल्या भाड्याने देतो, तरीही हे मत मला मान्य नाही.

घरमालकांची भीती खरी होती. 2020च्या एप्रिलमध्ये शेजारच्या मालेगावात कोरोना झपाट्याने पसरला, तेव्हा आम्हीही धास्तावलो होतो. पण बाहेर काढलेला माणूस रोग मागे ठेवून जात नाही. तो पुढच्या गावी नेतो. म्हणूनच 29 मार्च 2020च्या केंद्राच्या आदेशात मजूर व विद्यार्थ्यांना घराबाहेर काढणाऱ्यांवर कारवाईची तरतूद होती. 17 एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागानेही भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलण्याची आणि थकबाकीसाठी कुणाला न काढण्याची सूचना केली. पाणी-वीज तोडणे तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार एरवीही गुन्हाच आहे.

खरी अडचण बांधकामाची आहे. घरी विलगीकरणासाठी हवेशीर स्वतंत्र खोली आणि शक्यतो वेगळे शौचालय लागते. आपल्याकडे चार खोल्यांना मिळून एकच शौचालय आणि खिडकी बोळात उघडणारी. तेव्हा घरमालकांनी समोरासमोर खिडक्या काढाव्यात, एक जादा शौचालय बांधावे. अकरा महिन्यांच्या करारातच आजारपणात भाड्याची सवलत, पाणी भरण्याच्या वेळा आणि सफाईची जबाबदारी लिहून घ्यावी. नगरपरिषदेनेही बांधकाम परवानगी देताना याकडे लक्ष द्यावे.

दुष्काळात सरकारी खजिना लोकांसाठी खुला करणाऱ्या देवमामलेदारांचे हे गाव आहे. इथल्या घरमालकांनी संकटात दार लावून घेऊ नये, ही कळकळीची विनंती.

– एक घरमालक, सटाणा (जि. नाशिक)