न पाहिलेल्या वहीवरची सही

प्रति,
केंद्रीय परिषदेचे सर्व सदस्य,
भारतीय सनदी लेखापाल संस्था, नवी दिल्ली



इंदूर जिल्ह्यातल्या सांवेरहून हे पत्र लिहितो आहे. इथल्या मंडीत सोयाबीन, गहू, लसूण घेणाऱ्या काही पेढ्यांचा जमाखर्च मी लिहितो. मी सीए, म्हणजे सनदी लेखापाल, नाही. वह्या मी तयार करतो, ऑडिटवर सही इंदूरचे सीए करतात आणि त्या सहीच्या भरवशावर बँक सीसी लिमिट, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाची मर्यादा, देते. त्यामुळे सही कशी होते हे मला जवळून दिसते. आपण ज्या खुर्चीवर बसला आहात तिचा आणि सांवेरच्या गोदामाचा संबंध आपल्याला तिथून दिसतो की नाही, याची मात्र शंका येते. म्हणून हा पत्रप्रपंच.

एका पेढीचे उदाहरण देतो. मार्चअखेरचा साठा तपासायला सीएंनी आपला आर्टिकलचा, म्हणजे उमेदवारी करणारा, मुलगा पाठवला. पोरगा वयाने लहान, पण पक्का. त्याने थप्पी-थप्पीने पोती मोजली, तौल पर्च्या आणि भुगतान पत्रके मागितली, वाळल्यावर किती घट धरली तेही विचारले. भिंतीकडच्या एका थप्पीची खरेदी काही केल्या जुळेना. शेवटी कळले की तो माल दुसऱ्याच व्यापाऱ्याचा, नुसता ठेवायला आलेला. तो आमच्या साठ्यात धरला गेला होता. यादी बँकेत जाण्याआधी दुरुस्त झाली. शेठजींनी पुढच्या वर्षी सीए बदलले. नव्या साहेबांनी सांवेरचे गोदाम पाहिलेलेच नाही. ताळेबंद व्हॉट्सॲपवर गेला, संध्याकाळपर्यंत यूडीआयएन, म्हणजे सहीची ओळख पटवणारा क्रमांक, आला. फीही कमी.

कायद्यात यावर तरतूद नाही असे नाही. 1949 च्या सनदी लेखापाल कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात, पहिल्या भागात, दोन नोंदी सरळ सांगतात: स्वतः, भागीदाराने, कर्मचाऱ्याने किंवा दुसऱ्या सीएने न तपासलेल्या हिशेबावर सही करणे हे गैरवर्तन, आणि कामात पुरेशी दक्षता न घेणे हेही गैरवर्तन. एका सदस्याने वर्षात 60 च टॅक्स ऑडिट करावीत ही मर्यादाही परिषदेनेच घातली. नियम पुरेसे आहेत. ते मोडले जातात का हे पाहायला सांवेरपर्यंत कोण येतो, एवढाच प्रश्न आहे.

आपल्या एका कामाचे मनापासून कौतुक करतो. जुलै 2019 पासून प्रत्येक ऑडिट अहवालावर 18 अक्षरांचा यूडीआयएन आला. पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे सहा सदस्य क्रमांकाचे. बँकेतला बाबू तो संकेतस्थळावर टाकतो आणि सही खरी की बनावट हे तिथल्या तिथे कळते. सीएच्या नावाचे खोटे शिक्के मारणाऱ्यांची त्याने चांगलीच पंचाईत केली. पण यूडीआयएन फक्त सही कोणाची ते सांगतो. सही करणाऱ्याने वही उघडली होती का, हे सांगणे त्याचे काम नाही. ते काम आपले आहे.

मोठ्या कंपन्यांसाठी आता दुसरा पहारेकरी आहे. जानेवारी 2009 मध्ये सत्यम कंपनीचा हिशेबांचा घोटाळा बाहेर आला, 2013 च्या कंपनी कायद्यात राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणाची, म्हणजे एनएफआरएची, तरतूद झाली आणि ऑक्टोबर 2018 मध्ये ते सुरू झाले. त्याच्या कक्षेत शेअर बाजारातल्या कंपन्या येतात, बँका आणि विमा कंपन्या येतात, आणि बाजारात नसलेल्यांपैकी 500 कोटींचे भांडवल किंवा 1000 कोटींची उलाढाल असलेल्या अशा बड्या कंपन्या. मंडीतला आडत्या, गावचा डाळ मिलवाला, इंदूरच्या सांवेर रोडवरचा लहान कारखानदार यांच्या ऑडिटकडे पाहणारे फक्त आपण.

आणि आपण निवडून येता. कायद्याने परिषदेत जास्तीत जास्त 32 सदस्य निवडलेले आणि 8 केंद्र सरकारने नेमलेले. मते देतात ते सीए, आणि शिस्तीची कारवाई व्हायची तीही त्यांच्यावरच. आपल्यापैकी कोणाच्या सचोटीवर मी बोट ठेवत नाही. अडचण रचनेतच आहे. या व्यवसायासाठीचे 1932 चे इंडियन अकाउंटन्सी बोर्ड सरकारला नुसते सल्ला देणारे होते. 1949 मध्ये या व्यवसायाने स्वतःचा कारभार स्वतः पाहण्याचा हक्क मिळवला, तो मोलाचाच आहे. पण अमेरिकेने एन्रॉन कंपनीच्या घोटाळ्यानंतर 2002 मध्ये ऑडिटवर देखरेखीचे मंडळ नेमले तेव्हा पाच जणांत लेखापाल दोनच ठेवले. आपल्या संसदेनेही 2022 च्या दुरुस्तीत शिस्त समितीचा अध्यक्ष सीए नसावा असे ठरवले आणि चौकशीला मुदती घातल्या. व्यवसायातल्या अनेकांना हा हस्तक्षेप वाटला. माझी विनंती उलट आहे: त्या दुरुस्तीचा अक्षर नि अक्षर अंमल होण्यासाठी आपणच आग्रह धरावा.

कारण शिथिलतेचा दंड शेवटी आपल्याच प्रामाणिक सदस्याला बसतो. पोती मोजणाऱ्याचा अशील जातो, न मोजणाऱ्याकडे रांग लागते. मंडीत सगळ्यांना ठाऊक असते कोणते साहेब ‘सोपे’ आहेत. हा लौकिक एकदा पसरला की नव्याने सनद घेणाऱ्या मुलानेही काय शिकावे? कारवाईकडे सदस्यांना त्रास म्हणून पाहू नका. आर्टिकलला गोदामात पाठवणाऱ्या सीएला धंद्यात टिकवायचे तर तीच वाट आहे.

तेव्हा तीन मागण्या.

पहिली: सहकारी सदस्याच्या कामाची तपासणी, म्हणजे पीअर रिव्ह्यू, 2002 पासून आहे. तिच्यात दरवर्षी लहान गावांतल्या टॅक्स ऑडिटच्या काही फायली चिठ्ठ्या टाकून उघडा. अहवाल नको, वर्किंग पेपर, म्हणजे तपासणीची टिपणे, मागा. साठा कोणी, कोणत्या दिवशी पाहिला, एवढे विचारले तरी पुष्कळ उलगडेल.

दुसरी: शिस्तीच्या प्रत्येक निकालाचे एक पान साध्या हिंदीत आणि प्रादेशिक भाषांत काढा: काय केले, कोणती नोंद मोडली, काय शिक्षा झाली. ते आमच्या शेठजींना वाचता आले पाहिजे. स्वस्त सही कितीला पडते हे त्यांना तेव्हाच कळेल.

तिसरी: सरकार नेमत असलेल्या आठ जागांपैकी एक तरी जागा ऑडिटवर विसंबणाऱ्या लहान माणसाला मिळावी: पतसंस्थेचा ठेवीदार, तालुक्याच्या गावचा बँक व्यवस्थापक, मंडीतला व्यापारी. नेमणूक कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या हातात आहे हे मला माहीत आहे. पण परिषदेनेच ठराव करून मागणी केली तर मंत्रालयाला ती सहज डावलता येणार नाही.

पुढच्या निवडणुकीत आपले जाहीरनामे येतील. त्यांत सदस्यांसाठी विमा, नवी इमारत, अभ्यासिका असे बरेच असेल. त्यात एक ओळ आमच्यासाठीही असू द्या: मत नसलेल्यांसाठी आपण या खुर्चीवरून काय केले, त्याचा हिशेब. तो मात्र तपासून सही करा.

आपला,
सांवेरच्या मंडीतला एक हिशेबनीस