परदेशी कंपनी कशासाठी येते?

‘मजुरी स्वस्त म्हणून परदेशी कंपन्या येतात’ हे वाक्य व्याख्यानमालांतून इतके ऐकले आहे की, ते तपासून पाहावे असे कोणासच वाटत नाही. कोका-कोलाचेच उदाहरण घ्यावे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याखाली तिला भांडवलातील आपला वाटा ४० टक्क्यांवर आणावयाचा होता. मालकीबरोबर पेयाचे गुपितही हातचे जाणार, असे दिसताच १९७७ मध्ये तिने देश सोडला. मजुरी तर तेव्हाही स्वस्तच होती!

१९९३ मध्ये ती परतली आणि तिने पार्लेकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट ही नावे विकत घेतली. गोल्ड स्पॉट पुढे बाजारातून नाहीसे झाले. थम्स अप ग्राहकांनीच सोडले नाही, म्हणून टिकले. स्टीफन हायमर या अर्थशास्त्रज्ञाने १९६० च्या प्रबंधात हेच मांडले होते. कायदा, भाषा, ओळखी यांत स्थानिक व्यापारीच सरस. तरीही परका येतो, तो आपल्या खास बळावरचा ताबा स्वतःकडे ठेवण्यासाठी आणि स्पर्धा मिटविण्यासाठी. टाटा स्टीलने २००७ मध्ये कोरस घेतली, ती काय ब्रिटनमध्ये मजूर स्वस्त म्हणून?

शासकीय सेवेत असताना उद्योगांच्या सवलतींची टिपणे मीही लिहिली आहेत. त्यांत रोजगाराचा रकाना असे. मालकी कोणाकडे जाणार, याचा नसे. आणि तो घालावा, असे मलाही तेव्हा सुचले नाही.