बहिष्कार: नागरिकाचा हक्क कीं गांवाची शिक्षा?

बहिष्कार हा शब्द मराठी वाचकांस नवा नाहीं. लोकमान्य टिळकांच्या पिढीनें स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण व स्वराज्य ही चतुःसूत्री देशापुढें ठेविली, तेव्हां परसत्तेविरुद्धचें शस्त्र म्हणून हा शब्द घरोघरीं पोहोंचला. परंतु त्याच्या कितीतरी आधींपासून, आणि दुर्दैवानें त्यानंतरही, आमच्या गांवगाड्यांत हाच शब्द दुसऱ्या अर्थानें वावरत आला आहे. तो अर्थ म्हणजे पंचांनीं एखाद्या घराचें अन्नपाणी व रोटीबेटी तोडणें. आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून बहिष्काराची हांक एका रात्रींत देशभर जाते. ही हांक या दोहोंपैकीं कोणत्या कुळींची आहे हें न पाहतां कोणी तिचा जयजयकार करितो, कोणी तिला सरसकट दंगेखोरी ठरवितो. आणि दुकान उघडून बसलेला व्यापारी मध्यल्यामध्यें भरडला जातो. तेव्हां या दोहोंतील भेद कायद्याच्या व नीतीच्या कसोटीवर एकदां स्पष्ट करून घेणें अवश्य आहे. त्यासाठीं अमेरिकेंतील दोन गांवांचा इतिहास आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

अलाबामा संस्थानांतील माँटगोमेरी शहरीं बसगाडींतील पुढचीं दहा आसनें गोऱ्या उतारूंसाठीं राखून ठेवलेलीं असत. तीं भरलीं म्हणजे मागच्या रांगेंतील कृष्णवर्णीयांनींही उठून जागा करून द्यावी, असा दंडक होता. १ डिसेंबर १९५५ रोजीं शिवणकाम करून पोट भरणाऱ्या ४२ वर्षांच्या रोझा पार्क्स यांनीं उठण्याचें नाकारलें व त्यांस अटक झाली. पाय दुखत होते म्हणून एक थकलेली बाई जागची उठली नाहीं, अशी या प्रसंगाची कथा सांगण्यांत येते. ती खरी नव्हे. वर्णसमतेसाठीं झगडणाऱ्या संस्थेच्या स्थानिक शाखेच्या त्या चिटणीस होत्या. तेथील कॉलेजांत इंग्रजी शिकविणाऱ्या जो ॲन रॉबिन्सन यांनीं तर १९५४ च्या मे महिन्यांतच नगराध्यक्षांस पत्र लिहून बहिष्काराची पूर्वसूचना दिली होती. अटकेच्या रात्रींच त्यांनीं हजारों पत्रकें छापून काढलीं. ५ डिसेंबर रोजीं बसगाड्या जवळजवळ रिकाम्या धांवल्या, आणि त्याच सायंकाळीं स्थापन झालेल्या मंडळाचें अध्यक्षपद २६ वर्षांच्या मार्टिन ल्यूथर किंग या धर्मोपदेशकाकडे आलें.

या मंडळाच्या पहिल्या मागण्या वाचून आजचा वाचक चकित होईल. उतारूंशीं सभ्यपणानें वागावें. जो आधीं येईल त्यानें आधीं बसावें, गोऱ्यांनीं पुढून व कृष्णवर्णीयांनीं मागून. आणि ज्या मार्गांवर मुख्यत्वें कृष्णवर्णीयांची वस्ती आहे तेथें त्यांच्यांतील चालक नेमावे. भेदभाव समूळ नष्ट करा, एवढेंही त्यांत नव्हतें. नगरशासनानें इतकेंही दिलें नाहीं, तेव्हां लढा वाढत जाऊन मूळ कायद्यावरच आला. अल्प व वाजवी मागणी फेटाळून मोठी मागणी ओढवून घेणें, हा सत्ताधाऱ्यांचा दोष केवळ आमच्याच देशापुरता नव्हता, हें यावरून दिसेल.

आमच्या व्यापारी वाचकांनीं या लढ्याची जमाखर्चाची बाजू मुद्दाम पाहावी. बसच्या उतारूंपैकीं सुमारें तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय होते. म्हणजे गल्ल्यांतील बहुतेक पैसा त्यांचा होता. पण घरकाम व मजुरी करणाऱ्या या लोकांस रोज कामावर जाणें तर भागच होतें. प्रथम त्यांच्या टॅक्सीवाल्यांनीं बसच्याच दरानें, म्हणजे दहा सेंटांत, उतारू नेले. तेव्हां नगरशासनानें किमान भाड्याच्या नियमावर बोट ठेवून तो मार्ग अडविला. मग मंडळानें सुमारें ३०० खाजगी मोटारींची व्यवस्था उभी केली. ही युक्ति लुइझियाना संस्थानांतील बॅटन रूज येथें १९५३ सालीं झालेल्या लहानशा बहिष्कारांतून त्यांनीं शिकून घेतली होती. मोटारींचे विमे रद्द होऊं लागले, तेव्हां लंडनच्या लॉइड्सकडे विमा उतरविण्यांत आला. जॉर्जिया गिल्मोर नांवाच्या स्वयंपाकीण बाईंनीं व त्यांच्या सोबतिणींनीं खाद्यपदार्थ विकून निधि जमविला. हजारों लोक तर पायींच जात. हा क्रम ३८१ दिवस चालला. सभा व भाषणें यांनीं मनें पेटतात हें खरें. पण वर्षभर पेटलेलें मन टिकविण्यास पेट्रोलचा हिशेब लागतो, आणि तो ज्यांनीं ठेविला त्यांचीं नांवें इतिहासांत मागच्या पानावर पडलीं आहेत.

आतां कायद्याकडे वळूं. अलाबामांत १९२१ सालचा एक कायदा होता. योग्य कारणावांचून संगनमत करून दुसऱ्याच्या कायदेशीर धंद्यास अडथळा आणणें हा त्या अन्वयें गुन्हा होता. फेब्रुवारी १९५६ मध्यें त्याखालीं ८९ जणांवर आरोप ठेवण्यांत आले, व मार्चमध्यें किंग यांस दोषी ठरवून ५०० डॉलर दंड व तितकाच खर्च देण्याची शिक्षा झाली. त्यापूर्वीं ३० जानेवारीस त्यांच्या घरावर बाँब पडला होता. जमलेल्या संतप्त समुदायास शस्त्रें घेऊन न येतां घरीं जाण्याचें त्यांनीं आवाहन केलें, व लोक परतले. त्या रात्रीं एक दगड भिरकावला जाता, तर दडपशाहीस हवें असलेलें निमित्त तिला आयतें मिळालें असतें.

याच सुमारास फ्रेड ग्रे या तरुण वकिलानें बसमधील भेदभावाच्या कायद्यासच फेडरल न्यायालयांत आव्हान दिलें. वादी स्त्रिया होत्या, आणि त्यांत रोझा पार्क्स यांच्या नऊ महिने आधीं जागेवरून न उठल्याबद्दल अटक झालेली १५ वर्षांची क्लॉडेट कॉल्विन होती. ५ जून १९५६ रोजीं तिघां न्यायाधीशांपैकीं दोघांनीं तो कायदा घटनाविरुद्ध ठरविला, आणि १३ नोव्हेंबर रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय कायम केला. त्याच दिवशीं स्थानिक न्यायालयानें मोटारींच्या व्यवस्थेवर मनाईहुकूम काढला, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे. दावा नसता, तर चळवळीचे पाय त्या दिवशीं कापले गेले असते. आणि चळवळ नसती, तर दाव्यामागें उभे राहण्याचें बळ चार बायकांस एकट्यानें कोठून मिळालें असतें? न्यायमंदिर व रस्ता यांत निवड करा असें जे आम्हांस सांगतात, त्यांनीं या दिवसाची तारीख लक्षांत ठेवावी.

येथें आमचा व्यापारी बंधु विचारील, "हें सर्व ठीक; पण सुक्याबरोबर ओलें जळावें हा कोठचा न्याय? भेदाचा कायदा बसकंपनीनें केला नव्हता." शंका खोटी नाहीं. एप्रिल १९५६ मध्यें ही कंपनी भेदभाव सोडण्यास तयार झाली होती, परंतु नगरशासनानेंच न्यायालयांत जाऊन तिला मना केलें! तरीही उत्तर एकच आहे. गिऱ्हाइकाच्या खिशांतील पैशावर कोणत्याही दुकानदाराचा वहिवाटीचा हक्क नसतो. ज्या व्यवस्थेंतून आपला धंदा चालतो, ती अन्यायाची असेल तर तिच्या दुरुस्तीची किंमत कांहीं अंशीं धंद्यासही मोजावी लागते.

हा प्रश्न पुढें नेमका न्यायालयासमोर आला. मिसिसिपी संस्थानांतील पोर्ट गिब्सन येथें १९६६ सालीं कृष्णवर्णीयांनीं गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार टाकिला. व्यापाऱ्यांनीं १९६९ सालीं नुकसानभरपाईचा दावा लावला, आणि खालच्या न्यायालयानें त्यांस सुमारें साडेबारा लक्ष डॉलर देवविले. २ जुलै १९८२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल फिरविला. राजकीय हक्कांसाठीं शांततेनें केलेला बहिष्कार हा भाषणस्वातंत्र्याचाच भाग होय. हिंसेनें झालेलें नुकसान भरून मागतां येईल, पण तें हिंसा करणाऱ्याकडून, केवळ चळवळींत सामील झालेल्या प्रत्येकाकडून नव्हे, असें त्याचें सार. हा विवेक आम्हांस पूर्ण मान्य आहे. मात्र एका गोष्टीविषयीं आमचें मन साशंक राहतें. त्या गांवीं दुकानांबाहेर पहारे बसवून, बहिष्कार मोडणाऱ्या आपल्याच लोकांचीं नांवें टिपून तीं सभेंत वाचून दाखवीत, आणि कांहींच्या घरांवर गोळ्याही झाडल्या गेल्या. नांवें वाचणें न्यायालयानें कायदेशीर मानिलें. कायद्यानें तें बरोबर असेल. परंतु माँटगोमेरीचा मार्ग यापेक्षां उजळ होता, असें आम्ही म्हणूं. शेजाऱ्याच्या भयानें पाळलेला बहिष्कार जातपंचायतीच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोंचतो.

त्या उंबरठ्याच्या आंत काय आहे, तें महाराष्ट्रास कोणी सांगावयास नको. महाडचें चवदार तळें सर्वांस खुलें असल्याचा ठराव नगरपालिकेनें १९२४ सालीं केला होता. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं अस्पृश्यांनीं तेथील पाणी घेतलें, तेव्हां त्यांच्यावर हल्ला झाला. डिसेंबरांत न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम येतांच डॉक्टरांनीं दुसरा सत्याग्रह तहकूब केला व दावा लढविला; १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूनें लागला. त्यांच्या पत्राचें नांवच 'बहिष्कृत भारत' होतें. मुंबई सरकारनें १९२८ सालीं नेमलेल्या समितीनें, जिचे डॉक्टर सभासद होते, आपल्या १९३० च्या अहवालांत नमूद केलें कीं हक्क बजावूं पाहणाऱ्या अस्पृश्यांविरुद्ध सामाजिक बहिष्कार पुकारण्यांत येई, वहिवाटीच्या वाटा बंद होत, व गांवचा वाणीसुद्धां त्यांस जीवनावश्यक जिन्नस विकीत नसे. तेथें दुकानदार हा बहिष्काराचा बळी नव्हता, तर हत्यार होता! हा रोग एवढा चिवट ठरला कीं स्वतंत्र महाराष्ट्रास २०१६ सालीं सामाजिक बहिष्काराविरुद्ध खास कायदा करून तीन वर्षांपर्यंत कैद व एक लक्ष रुपयांपर्यंत दंड ठेवावा लागला.

यावरून कसोट्या आपोआप निघतात. पहिली: दुर्बळ बलिष्ठाशीं व्यवहार थांबवीत आहे, कीं बलिष्ठ दुर्बळाचा? दुसरी: मागणी स्पष्ट असून ती पुरी होतांच व्यवहार पुन्हां सुरू होणार आहे काय? माँटगोमेरीचे लोक २१ डिसेंबर १९५६ रोजीं पुन्हां बसमध्यें चढले. ज्याला जन्मानें मिळालेल्या जातीसाठीं वा धर्मासाठीं बहिष्कृत केलें, त्यानें काय केलें असतां त्याची सुटका होईल? तिसरी: झीज कोण सोसतो? खरा बहिष्कार करणारा स्वतः पायीं चालतो. खोटा बहिष्कार दुसऱ्यास उपाशी ठेवतो. चौथी: न पटणाऱ्यास मुकाट्यानें आपल्या वाटेनें जाण्याची मोकळीक आहे काय?

या कसोट्यांस जी हांक उतरते, तिनें आपला गल्ला कांहीं दिवस हलका झाला तरी व्यापाऱ्यांनीं पोलिसांकडे धांव न घेतां अधिकाऱ्यांकडे जावें व गाऱ्हाणें दूर करण्याचा आग्रह धरावा. माँटगोमेरींतील गोऱ्या व्यापाऱ्यांच्या एका गटानें तशी मध्यस्थी करून पाहिली होती, ती सिद्धीस गेली नाहीं एवढेंच. आणि अमक्या धर्माच्या दुकानांतून घेऊं नका, तमक्या जातीस विकूं नका, अशी हांक आली, तर ती कितीही मोठ्या जमावाची असो, आपल्या पेठेंतील संघांनीं एकमुखानें ती नाकारावी. विकणें न विकणें ही तेथें खाजगी बाब राहत नाहीं. २०१६ च्या कायद्यानें ती फौजदारी न्यायालयापर्यंत जाऊं शकते. आमची शिफारस अशी कीं प्रत्येक व्यापारी संघानें असा ठराव शांततेच्या काळींच करून ठेवावा. जमाव दाराशीं आल्यावर ठराव लिहिण्यास हात स्थिर राहत नाहीं.