मत तुमचें, पण बातमी कोणाची?



निवडणूक आली कीं दैनिकांचीं पानें फुगतात. अमुक उमेदवाराच्या सभेला जनसागर लोटला, तमुक नेत्याच्या पाठीशीं सारा जिल्हा उभा आहे, असा मजकूर रोज सकाळीं घरांत येऊन पडतो. तो कोणी लिहिला, कोणी छापविला आणि त्याचें मोल कोणी भरलें, हें तुम्हीं कधीं विचारलें आहे काय?

१९२० सालीं बाबासाहेबांनीं ‘मूकनायक’ सुरू केला, तेव्हां त्याची जाहिरात पैसे घेऊनहि छापण्यास ‘केसरी’नें नकार दिला. अस्पृश्यांचा पैसाहि त्या पत्राला चालला नाहीं! आज काळ इतका पालटला आहे कीं पैसा कोणाचाहि चालतो. मात्र जाहिरात ही जाहिरात म्हणून छापली जात नाहीं, ती बातमीचा वेष घेऊन येते. पूर्वींचा अन्याय निदान उघड होता. हा अन्याय ज्याच्यावर होतो त्याला कळतहि नाहीं.

१९४३ सालीं पुण्यास न्या. रानडे यांच्या जयंतीच्या भाषणांत बाबासाहेबांनीं बजावलें होतें कीं, वृत्तपत्राचा पेशा आतां निव्वळ व्यापार झाला असून साबण तयार करण्याहून अधिक नैतिक जबाबदारी त्यांत उरलेली नाहीं. पण साबणवाल्याची बाजूहि सांगितली पाहिजे. तो वडीवर ‘साबण’ असेंच छापतो!

पुरावा हवा असेल तर महाराष्ट्राच्याच २००९ सालच्या विधानसभा निवडणुकीकडे पाहा. तेव्हांचे मुख्यमंत्री श्री. अशोक चव्हाण यांची स्तुति करणारा एकच लेख निरनिराळ्या मराठी दैनिकांत शब्दशः छापून आल्याचें पत्रकार पी. साईनाथ यांनीं ‘द हिंदू’मध्यें दाखवून दिलें. श्री. चव्हाण यांच्या हिशेबांत वृत्तपत्रीय जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये. निवडणूक आयोगानें जुलै २०१४ मध्यें त्यांना नोटीस काढली. सप्टेंबरांत दिल्ली उच्च न्यायालयानें ती रद्द केली. न्यायालयाचा निर्णय आपण मानतों. पण तो उमेदवाराच्या हिशेबापुरता झाला. एकच स्तुतिलेख इतक्या दैनिकांच्या लेखणींतून एकाच शब्दांत कसा उतरला, याचें उत्तर वाचकाला अद्याप मिळालेलें नाहीं. उत्तर प्रदेशांत मात्र असा खर्च लपविल्याबद्दल आमदार उमलेश यादव यांना आयोगानें ऑक्टोबर २०११ मध्यें तीन वर्षें अपात्र ठरविलें.

आणि पत्रकारितेचे राखणदार काय करीत होते? प्रेस कौन्सिलनें नेमलेल्या दोघांच्या उपसमितीनें वृत्तपत्रांचीं नांवें घेऊन अहवाल लिहिला. कौन्सिलनें २०१० सालीं तो बाजूला सारून नांवें गाळलेला छोटा अहवाल पुढें केला. मूळ अहवाल लोकांस दिसला तो केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर, २०११ सालीं. मतदाराला लाच देणें कायद्यानें भ्रष्ट आचरण आहे. बातमी विकत घेणें मात्र त्या यादींत अजून नाहीं. विधि आयोगानें २०१५ सालीं तशी शिफारस केली, ती तशीच पडून आहे.

यांत मार कोणाला बसतो? २००९ सालीं ज्यांनीं ‘पॅकेज’ घेतलें नाहीं, त्यांचीं नांवेंहि छापून येत नव्हतीं. मोठ्या राज्यांत विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा २०२२ पासून ४० लाख रुपये आहे. आपल्या वस्तींतला शिक्षक किंवा कामगार उभा राहिला तर तो एवढे पैसे कोठून आणणार? त्याच्याविषयीं एक ओळ येत नाहीं, मग लोक म्हणतात, तो स्पर्धेंतच नव्हता. ‘एक माणूस, एक मत’ हें तत्त्व घटनेनें तुम्हांस दिलें, तें असें छापखान्यांत बुडविलें जातें.

पोथींत लिहिलें आहे म्हणून खरें, ही समजूत टाकून आपण बाहेर आलों आहों. दैनिकाची नवी पोथी करूं नका. घरांतील शिकल्या मुलामुलींनीं वडीलधाऱ्यांना पत्र वाचून दाखवितांना दोन पत्रें शेजारीं ठेवावींत. शब्द तेच, फोटो तोच, विरुद्ध पक्षाचा उल्लेखहि नाहीं, असें दिसलें कीं कात्रण तारीख घालून जपावें व जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन व देखरेख समितीकडे लेखी तक्रार करावी. निकालानंतर ३० दिवसांत उमेदवारास खर्चाचा हिशेब दाखल करावा लागतो, आणि नियमाप्रमाणें एक रुपया शुल्क भरून तो कोणासहि पाहतां येतो. चार जण मिळून जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरींत जा, कात्रणें बरोबर न्या, आणि त्यांतील किती मजकुराचा खर्च त्या हिशेबांत मांडला आहे तें स्वतः मोजा.